शिंपीकाकांच्या मांजरीची लस

मुंगीताईचं खरं नाव आता फक्त दवाखान्याच्या हजेरीत उरलं होतं. बाकी सगळ्यांना ती मुंगीताई. लस टोचायच्या कामाला लागली त्याच आठवड्यात एका भोकाड पसरलेल्या पोराला ती म्हणाली होती, "घाबरायचं नाही रे, मुंगी चावते ना, तेवढंच," आणि ते वाक्य तिला चिकटलं ते चिकटलंच. लहानपणी ज्यांना तिने टोचलं ती पोरं आता आपापली पोरं कडेवर घेऊन येत, आणि पोराचा दंड पुढे करून स्वतःच डोळे घट्ट मिटत. तिचा नवरा बसगाड्यांच्या दुरुस्तीखात्यात होता. तो म्हणायचा, "ही घरात गोड बोलायला लागली की माझा हात आपोआप दंडावर जातो."

हात तिचा हलका होता यात वादच नाही, पण खरी करामत तोंडाची. मूल हट्टाला पेटलं की ती त्याच्याशी हुज्जत घालत बसायची नाही. त्याच्या काखेतली बाहुली मागून घ्यायची, कापसाने बाहुलीचा दंड पुसायची, टोपण न काढलेली सुई वर टेकवायची आणि म्हणायची, "झालं! बघ, रडली का ती?" बाहुली कशाला रडते? मग मूलही गुमान हात पुढे करायचं. आजवर तिच्या हातून कितीतरी बाहुल्या, अस्वलं आणि एकदा तर खेळण्यातल्या ट्रकचा टायरसुद्धा टोचून निघाला होता. याला ती खोटं बोलणं म्हणत नसे. ही तिची कामाची रीत होती आणि तिच्या मते फार गुणी रीत होती. मुलाचं भलं होतं, बाहुलीचं काही जात नाही, मग बिघडलं कुठे?

पुढे तापाची आणि खोकल्याची मोठी साथ आली. धडधाकट माणसं श्वासासाठी तडफडायला लागली. लस आली तेव्हा दवाखान्यासमोर रांगा लागल्या, तसे घरी बसून नाही म्हणणारेही निघाले. कोणाला सुईची भीती, कोणाला सरकारचा राग, आणि कोणाला शेजाऱ्याने आधी घेतली एवढ्याच कारणाने घ्यायची नव्हती. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी ही सगळी अडेल घरं मुंगीताईच्या पदरात टाकली. "तुम्हाला कोणी रिकाम्या हाताने परत पाठवत नाही," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. त्याचा तिला अभिमान होता, आणि थोडा जास्तच होता, हे सांगून टाकलेलं बरं.

त्या घरांत एक घर शिंपीकाकांचं. इस्त्रीवालीच्या दुकानावरच्या माडीवर त्यांची एक खोली होती. पुढे शिलाई मशीन, मागे पलंग, मध्ये उरलीसुरली कापडं जोडून केलेला पडदा. काका शाळेचे गणवेश शिवत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लांबच्या शहरात होती आणि फोनवर काळजी करायची. काकांना जुना दमा. ते बोलायला लागले की आधी छातीतली शिट्टी ऐकू यायची आणि मग शब्द. घरात दुसरा जीव म्हणजे बॉबीन. ही एक म्हातारी करडी मांजर. पिल्लू असताना मशीनची दोऱ्याची बॉबीन पळवून पलंगाखाली दडवायची म्हणून हे नाव. आता तिला पळवापळवी झेपत नसे. ती दिवसभर कातरलेल्या कापडांच्या ढिगात झोपायची आणि रात्री काकांच्या मानेशी.

मुंगीताईने पिशवी उघडली. "काका, बाही वर करा. मुंगी चावेल तेवढंच."

"सुईची भीती मला घालता?" काका हसले, म्हणजे आधी शिट्टी वाजली. "सगळा जन्म सुईबरोबर गेला. मी घेतो. पण आधी तिला द्या."

"कोणाला?"

काकांनी कात्रीच्या टोकाने ढिगाकडे दाखवलं. बॉबीनने एक डोळा उघडून परत मिटला.

"अहो, मांजरांना नसते ही लस!"

"का नसते? हा आजार त्यांना होतो. परवा रेडिओवर सांगत होते, आणि आपल्यापासूनच होतो म्हणे. मला दिलीत, मी वाचलो, आणि माझ्यामुळे ती गेली तर? एका पांघरुणात झोपतो आम्ही दोघं. एकाला औषध आणि एकाला नाही, हा कुठला न्याय?"

प्रश्न वेडगळ नव्हता. मुंगीताईला त्याचं उत्तर येत नव्हतं. मला माहीत नाही, विचारून उद्या सांगते, एवढं म्हणून ती जिना उतरली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माहीत नाही असं म्हणायची तिला सवय नव्हती. शिवाय काकांच्या छातीतली शिट्टी तिला ऐकू येत होती. या माणसाला साथीने गाठलं तर तो आठवडाभरही टिकणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. तिने क्षणभर विचार केला आणि तिच्या मते झकास तोडगा काढला.

"बरं. पण कोणाला बोलायचं नाही हं काका. तिचे पुढचे पाय धरा."

तिने पिशवीतून रिकामी सिरिंज काढली. तिला सुई लावलीच नव्हती, आणि काकांना ते दिसू नये म्हणून टोक मुठीत झाकून धरलं. स्पिरिटचा कापूस बॉबीनच्या मानेवर दाबला आणि वरून सिरिंज टेकवली. त्या उग्र वासाने बॉबीन अशी काही किंचाळली, तिने काकांना असं काही ओरबाडलं, की सुई खरी असती तर याहून जास्त काय झालं असतं! नाटकात मांजरीने आपली भूमिका उत्तम वठवली.

"झालं गं बाई, झालं," काका तिला कुरवाळत म्हणाले. त्यांचे डोळे पाणावले होते. मग त्यांनी एक शब्दही न बोलता बाही वर केली. मुंगीताईने त्यांना खरी लस टोचली आणि गुणगुणत जिना उतरली. घरी येऊन तिने नवऱ्याला हा किस्सा साभिनय सांगितला, अगदी मांजरीच्या किंचाळीसकट. दोघं पोट धरधरून हसले.

कोणाला बोलायचं नाही म्हटल्यावर काकांनी ते फक्त खालच्या इस्त्रीवालीला सांगितलं. इस्त्रीवालीला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. तिच्याकडे सगळ्या गल्लीचे कपडे यायचे आणि प्रत्येक घडीबरोबर एक बातमी जायची. आठवडा संपायच्या आत दवाखान्यासमोर वेगळीच रांग उभी राहिली. इस्त्रीवाली स्वतः कुत्रा घेऊन आली. एक शाळामास्तरीण टोपलीत दोन मांजरं घेऊन आली. एका म्हाताऱ्या वॉचमनने पोपट आणला. पोपटाला खोकला नव्हता, पण तो वॉचमनचा खोकला हुबेहूब काढून दाखवायचा, त्यामुळे वॉचमनला शंका. "शिंप्याच्या मांजरीला देता आणि आमच्यांना का नाही?" असा एकच गिल्ला झाला.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि कुत्र्याच्या साखळीत पाय अडकून पडता पडता वाचल्या. "कोणी भरवलं हे यांच्या डोक्यात?"

मुंगीताई कुत्र्याची साखळी सोडवायला वाकली. मग ती म्हणाली, "कोणीतरी उठवलेली आवई असणार, बाई." हेही खोटंच. पहिल्या खोट्याला सोबत लागते, ती अशी लगेच मिळते.

"मग तुम्हीच त्या जनावरांच्या डॉक्टरांकडे जा," बाई म्हणाल्या. "नीट विचारून या. बाहेर पाटी लावून टाकू."

जनावरांचे डॉक्टर चौकापलीकडे बसत. ती गेली तेव्हा ते एका भल्या दांडग्या कुत्र्याची नखं कापत होते आणि कुत्रा त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून कण्हत होता. तिचं बोलणं त्यांनी मान वर न करता ऐकलं.

"माणसाची लस त्यांना द्यायची नाही. त्यांच्यावर ती कोणी तपासलेली नाही," ते म्हणाले. "आणि बहुतेकांना गरजही नाही. मांजरं यातून आपली आपण उठतात. एखादी म्हातारी असेल, काळीज कमकुवत असेल, तर ती मात्र जाऊ शकते. म्हणून घरात कोणी आजारी पडलं की त्याने जनावरापासून लांब राहायचं. जवळ घ्यायचं नाही, शेजारी झोपवायचं नाही. हीच त्यांची लस समजा."

"एवढंच?"

"एवढंच. पण ते नीट पाळायला हवं. मला भीती वाटते ती उलटीच. उद्या कोणी खोटीनाटी लस टोचून द्यायला लागलं, तर लोक बिनधास्त त्यांना उराशी धरून झोपतील." त्यांनी कुत्र्याचा दुसरा पाय उचलला. "काय झालं? बसा ना. चेहरा पांढरा पडलाय तुमचा."

ती बसली नाही. तिथून निघाली ती काकांच्या माडीवर जाऊन सगळं सांगून टाकायचं ठरवूनच. चौकापर्यंत हा निश्चय पक्का होता. चौकात आल्यावर तिला आठवलं की काकांचा दुसरा डोस बाकी आहे. आता सांगितलं तर म्हातारा चिडेल, दुसरा डोस घ्यायचा नाही, आणि पहिल्या डोसावर त्याचा दमा निभावणार नाही. दुसरा डोस झाला की सांगू. कारण इतकं शहाणपणाचं होतं की तिला स्वतःलाच हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज तिला पुढे फार वाटली.

जनावरांना लस मिळणार नाही, एवढीच पाटी लागली. काकांनी ती वाचली आणि पुढच्या वेळी रस्त्यात भेटल्यावर तिला हळूच म्हणाले, "नियमात नव्हतं, तरी माझ्यासाठी केलंत. विसरणार नाही मी. आणि त्या इस्त्रीवालीला बोललो ही चूक झाली हं माझी, माफ करा." म्हणजे माफी त्यांनीच मागितली. मुंगीताईने मान डोलावली आणि घाईत असल्यासारखी पुढे गेली.

आणि मग काकांना ताप आला. साथीचाच होता. पण लसीने आपलं काम केलं. ताप होता, अंग मोडून आलं होतं, तरी श्वास टिकून होता. मुंगीताई तोंडाला फडकं बांधून गोळ्या द्यायला माडीवर गेली. पडदा बाजूला केला आणि तिथेच थबकली. काका रजई ओढून पडले होते आणि रजईतून काकांच्या हनुवटीखाली बॉबीनचं डोकं बाहेर आलं होतं.

"या ताई," काका म्हणाले. "तुमच्यामुळे वाचलो बघा. आणि ही बया तर हलायला तयार नाही. आजारी पडलो तेव्हापासून अशीच चिकटून आहे."

"काका, तिला जरा लांब ठेवा ना. खाली इस्त्रीवालीकडे द्या थोडे दिवस."

"का? तिला टोचलंय ना?"

बोलायची वेळ ती हीच होती. दोन वाक्यांचं काम होतं. पण काकांचा चेहरा तापाने लाल झालेला, शेजारी पाण्याचा तांब्या, खोलीत दुसरं माणूस नाही. जनावरांचे डॉक्टर म्हणालेच होते की बहुतेक मांजरं उठतात. बॉबीन म्हातारी आहे हेही तिला दिसत होतं, पण त्या घडीला तिने ते पाहिलं नाही.

"हो, टोचलंय," ती म्हणाली. "तरी आपली काळजी."

"मग काही होत नाही," काका म्हणाले आणि त्यांनी रजई बॉबीनच्या पाठीवर नीट ओढून घेतली.

काका उठले. मशीन पुन्हा सुरू झालं. आणि बॉबीन गेली, हे मुंगीताईला इस्त्रीवालीकडून कळलं. आधी तिने खाणं टाकलं, मग धापा टाकायला लागली. काका तिला बरेच दिवस घरीच ठेवून बसले. शेवटी टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेली, तेव्हा उशीर झाला होता. "वरून मशीनचा आवाज येतो," इस्त्रीवाली गणवेशाची घडी घालत म्हणाली, "पण मध्येच बंद पडतो आणि बराच वेळ बंदच राहतो. मी वर गेले नाही. काय बोलणार?"

त्या दिवशी मुंगीताई घरी आली ती चपला पायात तशाच ठेवून खुर्चीत बसून राहिली. नवऱ्याने चहा पुढे ठेवला आणि तिने सगळं सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही.

"म्हातारीच होती गं मांजर," तो म्हणाला.

"म्हातारी होती म्हणूनच मला कळायला हवं होतं. मी तिच्याकडे बघत होते. त्यांच्या गळ्याशी होती ती. आणि मी म्हटलं, टोचलंय."

"आता सांगून काय उपयोग? मांजर परत येणार आहे का? उलट म्हातारा दुसरा डोस घ्यायचा नाही. दमेकरी माणूस. मग तो गेला तर तेही तुझ्याच डोक्यावर."

नवरा बोलला ते खोटं नव्हतं. गप्प राहावं तर त्या माणसाच्या चांगुलपणावर फुकटचं जगायचं, आणि बोलावं तर त्याच्या जिवाशी खेळ. ती पुढचे दिवस याच विचाराच्या घाण्याला जुंपल्यासारखी फिरत राहिली. पोरं बाहुल्या पुढे करत आणि ती म्हणे, नको, आज थेट तुलाच. पोरं रडत. आया आश्चर्याने बघत. शेवटी तिचं ठरलं. आधी दुसरा डोस द्यायचा, आणि सुई बाहेर आली की लगेच, त्याच जागी, काही न राखता सगळं सांगायचं. यात काकांचा जीवही सांभाळला जाईल आणि खरंही सांगून होईल. तिला ते चोख वाटलं.

काका ठरल्या दिवशी स्वतःच दवाखान्यात आले. दाढी केलेली, सदऱ्याला इस्त्री. गळ्यात मापाची फीत तशीच राहिली होती. ती त्यांच्या लक्षात आली नव्हती आणि मुंगीताईनेही ते सांगितलं नाही. ते स्टुलावर बसले आणि न सांगता बाही वर केली.

"कळलं मला, बॉबीनचं," ती म्हणाली.

"हो." काका म्हणाले. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तुमच्याकडून केलंत. सगळ्यांनाच लागू पडते असं नाही ना लस. चुकलं ते माझं. ती धापा टाकत होती आणि मी आपला म्हणत होतो, टोचलंय, उठेल, टोचलंय, उठेल. पहिल्याच दिवशी नेली असती तर कदाचित... डॉक्टर तसं म्हणाले नाहीत, पण मला कळलं."

मुंगी चावेल, हे त्या दिवशी तिच्या तोंडातून निघालं नाही. तिने औषध भरलं, दंड पुसला, टोचलं, सुई बाहेर काढली, आणि कापूस काकांच्या बोटाखाली दिला.

"काका, ऐका. तुमचं काही चुकलं नाही. तिला मी काही टोचलंच नव्हतं. सिरिंजला सुई नव्हती, आत औषध नव्हतं. तुम्ही लस घ्यावी म्हणून मी नाटक केलं. आणि तुम्ही आजारी होतात तेव्हा तिला लांब ठेवायला हवं हे मला माहीत झालं होतं. डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. तरी तुम्ही विचारलंत तेव्हा मी टोचलंय म्हटलं. माझ्यामुळे गेली ती."

काका कापूस दाबून बसून राहिले. ते ओरडतील, उठून जातील, डॉक्टरीणबाईंना हाक मारतील, या सगळ्याची तिने तयारी केली होती. तसं काही झालं नाही. त्यांनी कापूस उचलला, त्यावरच्या रक्ताच्या ठिपक्याकडे पाहिलं, मग दंडाकडे पाहिलं.

"आज ही सुई टोचून झाल्यावर सांगितलंत," ते सावकाश म्हणाले. "आधी नाही सांगितलंत."

"तुम्ही घेतली नसतीत, काका."

"हो. नसतीच घेतली." छातीतली शिट्टी वाजली, पण ते हसले नव्हते. "म्हणजे आजही मला तसंच फसवलंत. मग हे मला आत्ता दिलंत, यात तरी काही होतं का?"

"होतं, काका! ही बघा कुपी. शपथेवर सांगते, खरं औषध होतं."

तिने कुपी त्यांच्यासमोर धरली. काकांनी ती पाहिली नाही, ते तिच्या तोंडाकडे बघत होते. आणि तिचं तिलाच ऐकू आलं. आवाज तोच होता. गोड, ठाम, जराही न अडखळणारा. माडीवर रजईशेजारी उभं राहून ती याच आवाजात हो म्हणाली होती. आज ती खरं बोलत होती आणि खऱ्यासाठी वेगळा आवाज तिच्याकडे नव्हता.

"बरं," काका म्हणाले. त्यांनी बाही खाली करून बटण लावलं. लस घेतल्यावर थोडा वेळ बाकावर बसायचं असतं, तसे ते जाऊन बसले, आणि मुंगीताईने पुढच्या माणसाला हाक मारली तरी तिच्या हातांवरची नजर त्यांनी काढली नाही.